काखेपुढची कड

माझी मुलगी दिवाळीनंतर आठवड्याभरात उमरखेडच्या दवाखान्यात झाली. तिच्या छातीचा एक स्नायू जन्मापासूनच नाही, ही गोष्ट ती बारा दिवसांची असताना एका बाईच्या हाताला लागली. त्या बाईला मी त्याच सकाळी घरातून घालवून दिलं. आता मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे. हे सगळं तिला माहीत आहे, आणि मी हे लिहिते आहे हेही तिला विचारूनच.

तेव्हा आम्ही ढाणकीला राहत होतो. मी तिथल्या शाळेत शिकवायची आणि हे रोज एसटीने उमरखेडच्या तहसील कचेरीत जायचे. सासरे कोर्टात कारकून होते, त्यांचे वडीलही कुठल्याशा कचेरीत. पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेलं आमचं घर. सासरे वारले होते, सासूबाई आमच्याजवळ होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याचा प्रश्नच नव्हता. ते सासूबाईंनी केलं, आणि मनापासून केलं, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांच्यावर राग दिसू नये.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडाला अळी लागायची, जे हाती यायचं त्याला भाव नसायचा. गावात चहाच्या टपरीपासून शाळेच्या ऑफिसापर्यंत दुसरं बोलणं नव्हतं. बाहेरगावाहून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, आणि येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन यायचा, एकाच प्रकारचं घर शोधायचा. आमच्या पगारी घरात त्यातलं काही नव्हतं. आम्ही त्या संकटाच्या शेजारी राहत होतो. कधी कधी मला वाटतं, आजूबाजूला इतकं मोठं दुःख चाललेलं असताना आपल्या घरातल्या लहानशा गोष्टीचं काय करायचं हे माणसाला समजत नाही. मग तो ती लपवतो, नाहीतर कुणाच्या तरी माथी मारतो.

बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी यायची. ढाणकीच्या बाहेर दोन-अडीच किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली. तिच्या आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखा-मुलखात नेत असत. तिच्या काळापर्यंत थोडं कोरडवाहू शेत आणि दुसऱ्यांच्या शेतातली वेचणी एवढं उरलं होतं. पन्नाशीची असेल. ढाणकीतल्या निम्म्या घरांतली बाळं तिच्या हातची होती. ती सकाळी लवकर यायची, आम्हा दोघींना न्हाऊ घालायची आणि तिथूनच परस्पर कापूस वेचायला जायची. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं चरे पडून खरबरीत झालेली असायची. म्हणून ती आधी कोमट तेल स्वतःच्याच तळव्यांना चोळत बसायची, ते मऊ होईपर्यंत बाळाला हात लावायची नाही. मग पाटावर पाय लांब करून बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि त्याच्याशी तिच्या बोलीत बोलायची. मला त्यातलं छोरी म्हणजे मुलगी आणि याडी म्हणजे आई, एवढंच कळायचं. बाळ मात्र ऐकत असल्यासारखं तिच्याकडे बघत राहायचं.

बाराव्या दिवशी सकाळी तिचा हात थांबला. मी खाटेवर बसून बघत होते. ती बाळाच्या डाव्या काखेजवळ चिमटीने काहीतरी धरून बघायची, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, इकडं या बरं. हिची ही बाजू रिकामी लागते."

मी जवळ गेले. तिने माझी बोटं धरून डाव्या काखेपुढे ठेवली. छातीकडून दंडाकडे जाणारी मांसाची एक कड असते, ती चिमटीत आली. इवलीशी, पण होती. मग उजव्या बाजूला ठेवली. तिथे नुसतं कातडं होतं आणि त्याखाली लगेच बरगड्या. तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि मला दिसलं की रडताना श्वास घेतला की उजवीकडचं कातडं बरगड्यांच्या मधे आत जातं. डावीकडे तसं होत नव्हतं. बारा दिवस मी तिला पाजत होते, कपडे बदलत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं.

सासूबाई शेगडी घेऊन आत आल्या. काय झालं ते मावशीने त्यांनाही सांगितलं, हात धरून दाखवलं. त्यांनी बघितलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते असं, की तू हात ओढला असशील तिचा. काल उचलताना एका हाताला धरून उचललं होतंस, मी पाहिलं. मावशी म्हणाली की एका हाताने मी कधी लेकरू उचलत नाही. सासूबाईंचा आवाज चढला. अंगणात दळण घेऊन आलेली शेजारीण होती, नळावर आणखी दोघी होत्या. सगळ्या दारापर्यंत आल्या.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बारा दिवस ती बाळाला कशी हाताळत होती ते सगळ्यात जवळून मीच पाहिलं होतं. सासूबाई दिवसभर घरकामात असायच्या, मी खाटेवरून तेवढंच बघत असायची. तिने बाळाला एका हाताने कधी उचललं नव्हतं. मला माहीत होतं. पण माझ्या मनात त्या क्षणी दुसरंच चाललं होतं. जर हे हिच्या हातून झालं असेल तर ते आता झालेलं आहे, म्हणजे बरं होईल. आणि हिच्या हातून झालं नसेल तर ते माझ्या पोटातूनच आलं आहे. मला पहिलं खरं असायला हवं होतं. मी दाराशी उभ्या असलेल्या बायकांसमोर म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

तिने बाळाला पुसून, गुंडाळून माझ्या हातात दिलं. तेलाची वाटी विसळून पालथी घातली. उठताना म्हणाली, "मी हात ओढला नाही, बाई. मले जे लागलं ते सांगतलं. डाक्टरले दाखवा, अन् लवकर दाखवा."

आणि ती गेली.

गावातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवलं. ते भले माणूस होते, पण त्यांनी असं कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, हाताला ओढ बसून नस दुखावली असेल, कदाचित स्नायू फाटला असेल, यवतमाळला दाखवा. ओढ बसून हे शब्द सासूबाईंनी उचलले. संध्याकाळपर्यंत ते शेजारी पोचले, आणि दोन दिवसांत सगळीकडे. त्या आठवड्यात आमच्या आळीत आणखी एक बाळंतीण घरी आली. तिला न्हाऊ घालायला दुसरी बाई ठेवली असं कळलं. मी ते ऐकलं आणि काही बोलले नाही.

सव्वा महिना व्हायच्या आत बाळाला घराबाहेर काढायला सासूबाईंचा जीव होत नव्हता. तरी ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही तिघं सकाळच्या एसटीने निघालो. हिवाळ्याचे दिवस होते. मी बाळाला शालीत घेऊन खिडकीपासून दूर बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुटलेली शेतं आणि त्यांत वाकलेल्या बायका. प्रत्येक बाईत मला मावशी दिसत होती, आणि मी डोळे मिटून घेत होते. यवतमाळजवळ लोहाऱ्याला माझ्या नणंदेचे यजमान एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या खोलीवर आम्ही उतरलो.

दुसऱ्या दिवशी ज्यांना दाखवलं त्या मुलांच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढायला लावले, आपले हात चोळून गरम केले, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. मग नेमकं तेच केलं जे मावशीने केलं होतं. डावीकडे चिमटी, उजवीकडे चिमटी, पुन्हा डावीकडे. त्यानंतर बाळाचे दोन्ही तळवे एकमेकांना जोडले आणि आम्हाला बघायला सांगितलं. उजवा तळवा डाव्यापेक्षा जरासा लहान होता. बोटं पट्टीवरच्या एक-दोन रेघांनी आखूड. हेही आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं बोट बाळाच्या उजव्या मुठीत दिलं. बाळाने ते घट्ट धरलं.

छातीचा फोटो काढला, हृदय तपासलं, पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडं पाहिली. दुपारी त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. छातीवर पंख्यासारखा पसरलेला एक मोठा स्नायू असतो, त्याचा बरगड्यांकडचा भाग हिच्या उजव्या बाजूला तयारच झालेला नाही. बरगड्या सगळ्या आहेत, हृदय ठीक आहे, फुप्फुसं ठीक आहेत. हात चालेल. थोडी ताकद कमी पडेल, पण दुसरे स्नायू बरंच काम अंगावर घेतात. ह्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. ह्यांनी विचारलं की त्या देशात हे जास्त असतं का. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, नाही, ज्याने पहिल्यांदा लिहून ठेवलं त्याचं ते आडनाव. मुलींत हे मुलांपेक्षा कमी दिसतं. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः मोजकीच मुलं पाहिली होती.

मी विचारलं, हे ओढल्याने होतं का.

"नाही. जे कधी बनलंच नाही ते कोण ओढणार?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण हे ओळखलं कुणी? तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी म्हणते बारा दिवसांची असताना लक्षात आलं. कपड्यातल्या बाळाचं हे माझ्याही नजरेतून सुटलं असतं. चार-पाच वर्षांची होईपर्यंत कित्येकांना कळत नाही."

मी मान खाली घातली. ह्यांनी सांगितलं की न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला लागलं.

"त्यांना माझा नमस्कार सांगा," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या.

निघण्याआधी मी आणखी एक प्रश्न विचारला. तो तिथे येणारी प्रत्येक आई विचारत असणार. माझ्या हातून काय चुकलं? ग्रहणाच्या दिवशी मी भाजी चिरली होती, ह्याची सासूबाईंनी मला दोनदा आठवण करून दिली होती. माझ्या स्वतःच्या मनात वेगळं होतं. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर दोन्हीकडे फवारणी चालायची, आणि मी पदर नाकाला लावून रोज त्यातून जायची. त्या वर्षी फवारणी किती झाली ते सगळ्यांनाच माहीत होतं, वास अंगणापर्यंत यायचा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, हा स्नायू साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात आकाराला येतो. त्या वेळी त्या बाजूचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडतो, असं बहुतेक डॉक्टरांना वाटतं. का कमी पडतो ते कुणालाच नीट माहीत नाही, आणि मला माहीत नाही हेच मी तुम्हाला सांगू शकते. हे बोटांवर महिने मोजत होते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे मार्चच्या शेवटी. तेव्हा शेतं रिकामी असतात. कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली असते."

ते खरं होतं. मार्चच्या शेवटी मी शाळेत तोंडी परीक्षा घेत होते, आणि मला दिवस गेलेत हेही मला माहीत नव्हतं. माझ्या पोटात ते घडत होतं तेव्हा मी कदाचित दुसरीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत असेन. त्यात चुकलेलं काही शोधून सापडत नव्हतं. हलकं वाटायला हवं होतं. पण दोष द्यायला कुणीच उरलं नाही, की एक विचित्र पोकळी येते. ती मला त्या बाकावर बसल्या बसल्या आली.

घरी परतलो तेव्हा ह्यांनी आईला सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं, हृदय ठीक आहे म्हटल्यावर देवापुढे साखर ठेवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे घराबाहेर बोलायचं नाही. मुलीची जात आहे. उद्या लग्नाचं बघताना लोक हेच आठवतील. हाताला ओढ बसली होती, आता बरं आहे, एवढंच सांगायचं. त्या दिवसापासून बाळाला गळ्यापर्यंत बंद, जाड झबली घालायला सुरुवात झाली. दुसऱ्या कुणासमोर कपडे बदलायचे नाहीत.

म्हणजे ती खोटी गोष्ट तशीच चालू राहणार होती, आणि मावशी त्या गोष्टीत गुन्हेगार म्हणून राहणार होती. हे मला त्याच दिवशी कळलं. तरी मी पाच आठवडे काही केलं नाही. बाळ लहान आहे, थंडी आहे, तांडा लांब आहे, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण लाज हे होतं. मी शिकलेली, शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी. अंगठा उठवणाऱ्या बाईसमोर जाऊन मी काय म्हणणार होते?

शेवटी शेजारच्या बाईच्या एका वाक्याने मी उठले. ती सहज म्हणाली की त्या लमाणबाईला आता कुणीच बोलवत नाही. उशिरा का होईना, तिचं खरं रूप कळलं. आणि हे म्हणताना ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी गावावर काही उपकार केले आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ऊन वर आल्यावर मी बाळाला घेतलं, ह्यांना सायकल काढायला लावली आणि आम्ही तांड्यावर गेलो. सासूबाईंना सांगून गेलो. त्यांनी अडवलं नाही.

मावशी घरी नव्हती. तांड्याच्या मागच्या शेतात पऱ्हाट्या उपटत होती. कापसाचा शेवटचा वेचा झाला होता. वाळलेली झाडं लोखंडी चिमट्यात धरून उपटायची आणि ढीग घालायचे, असं काम चाललं होतं. मला बघून तिने हातातला चिमटा खाली ठेवला. मी काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. ते सगळं तिने बोलूच दिलं नाही. आधी विचारलं, "हातानं धरते का?"

मी म्हटलं, धरते.

"दोन्ही?"

दोन्ही हातांनी, मी म्हटलं. मग मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. स्नायू मुळातच नाही, ओढल्याने झालेलं नाही, आणि डॉक्टरांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. माझं चुकलं असंही म्हटलं. ती उभ्या उभ्या ऐकत होती. वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. तसं आपल्याला वाटत असतं, की माफी मागितली की समोरच्याने ती लगेच देऊन टाकावी.

ती म्हणाली, "मले मालूम होतं मी ओढलं नाही. ते तुम्ही मले येऊन कायले सांगता? ज्यांच्यासमोर बोलल्या, त्यांले सांगा. मले गावात चार घरं होती, ती गेली. वेचणी तर या साली तशीबी नाही."

एवढं बोलून तिने घागरीतल्या पाण्याने हात धुतले, लुगड्याला पुसले आणि बाळासाठी पुढे केले. मी दिलं. तिने शाल सोडून झबल्यात हात घातला, उजव्या बाजूवरून अंगठा फिरवला, तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि बाळ माझ्याकडे परत दिलं. मग चिमटा उचलून कामाला लागली. आम्ही परत फिरलो. वाटेत हे म्हणाले की तिचं बरोबर आहे. मला ते आधीच कळलं होतं.

संक्रांत आठ दिवसांवर होती. बाळाची पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण करायचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. आळीतल्या सगळ्या बायका-मुलं जमतात. मी सासूबाईंना सांगितलं की बोरन्हाणाला मी मावशीला बोलावणार आहे आणि सगळ्यांना खरं काय ते सांगणार आहे. त्यांनी भांडी घासत घासत ऐकलं. मग म्हणाल्या की पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, लपवलं तर ती मोठी होताना हेच शिकेल की आपल्या अंगात लाज वाटण्यासारखं काही आहे. आणि खरं लपवायला एका माणसाचा बळी द्यावा लागतो, ते मला जमणार नाही. सासूबाईंशी इतकं स्पष्ट मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते.

ह्यांनी तांड्यावर जाऊन बोलावणं केलं. मावशी येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली. धुतलेला घागरा, कवड्या लावलेली ओढणी, हातात बांगड्या कोपरापर्यंत. आमच्याकडे ती नेहमी जुनेराच्या लुगड्यात यायची. तिला अशी सजलेली मी पहिल्यांदा बघत होते. ती दाराशीच, चपला काढतात तिथे बसली. बायकांची कुजबुज झाली. तेव्हा सासूबाई उठल्या, आतून पाट आणला, माझ्या बाजूला मांडला आणि तिला म्हणाल्या, "इथं बस. बाळाजवळ."

मी बाळाला मांडीवर घेतलं. दागिने घालण्याआधी झबल्याचे बंद सोडले आणि ते काढून टाकलं. ज्या तिघी त्या सकाळी दाराशी होत्या, त्या समोरच होत्या. मी सांगितलं की माझ्या मुलीच्या उजव्या छातीत स्नायू नाही, तो जन्मापासून नाही. हे कुणी केलेलं नाही. हे सगळ्यात आधी मावशींना समजलं, यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरही म्हणाल्या की त्यांच्याकडून सुटलं असतं. मी त्यांना घरातून काढलं, ते चुकून नाही. मी घाबरले होते आणि मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं.

मग आळीतली एक म्हातारी पुढे सरकली आणि म्हणाली, बघू कुठं ते. तिने हात लावून पाहिलं. मग दुसरीने. बाळ मजेत पाय झाडत होतं. एकेक करून बऱ्याच जणींनी बघितलं, जसं नव्या बाळाचे डोळे कुणावर गेलेत ते बघतात तसं. दहा मिनिटांत त्यातलं नवल संपलं आणि पोरं बोरं कधी ओतणार म्हणून मागे लागली. सासूबाईंनी मावशीला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं.

सगळं त्यानंतर सुरळीत झालं, असं मात्र नाही. एका घराने मावशीला पुन्हा कधी बोलावलं नाही. शेजारच्या बाईने बरेच दिवस माझ्याशी बोलणं तोडलं, कारण तिला वाटलं मी तिलाच सुनावलं. पण माघ महिन्यात आमच्या आळीत जी बाळंतीण झाली, तिच्याकडे मावशी जायला लागली, मग आणखी एका घरी. आमच्याकडे ती आपणहून आली. एक दिवस सकाळी दारात उभी राहिली आणि तेल कुठं आहे म्हणून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या हाताने खेळायला लावा, तो वापरात राहिला पाहिजे. ते मी तिला सांगितल्यावर तिने आपली एक युक्ती काढली. घुंगराची एक लड बाळाच्या उजव्या बाजूला, जरा वर, हाताला लागेल न लागेल अशी धरायची. बाळ ती पकडायला उजवा हात उचलायचं. जमलं की मावशी स्वतःच खुदकन हसायची. पुढच्या दोन हंगामांत तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जायला लागली, तीही गेली. दिवाळीनंतर जायची, उन्हाळ्यात परत यायची, आणि आली की आधी मुलीचा हात बघायची.

मुलगी वाढली. रांगताना डाव्या हातावर जास्त भार द्यायची. हापशाचा दांडा डाव्या हाताने ओढायची, झाडावर चढताना मात्र ते लक्षात राहायचं नाही आणि दोनदा पडली. वर्गात कुणी विचारलं तर सांगायची, एक स्नायू नाहीये, आणि पुढच्या विषयावर जायची. बारा-तेरा वर्षांची झाली आणि छाती एकाच बाजूने वाढू लागली, ते दिवस कठीण गेले. काही महिने ती ओढणी दोनदा लपेटून घ्यायची, आरशाकडे पाठ करायची. मी तिला यवतमाळला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. वाढ पूर्ण झाल्यावर ऑपरेशन करता येतं, करायचं की नाही ते तिने ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. हे मला मुलीने परतीच्या एसटीत सांगितलं. पुढे नोकरी लागल्यावर तिने त्याची सगळी चौकशी केली, दोन ठिकाणी सल्ला घेतला आणि तूर्त नको म्हणून ठरवलं. कधी विचार बदलेल तर बदलेल, असं म्हणते. लग्न तिने स्वतः ठरवलं. मुलाला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. सासूबाई ते बघायला राहिल्या नाहीत.

मावशीची आणि त्या सकाळची गोष्ट मी मुलीला ती सोळा वर्षांची असताना सांगितली. मी सांगताना आजी ओरडली, शेजारणी जमल्या, असं सांगत होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण येऊ नका, हे तूच म्हणालीस ना?"

मी हो म्हटलं. मला बरं वाटलं की तिने विचारलं, आणि बरं वाटलं की मी हो म्हणू शकले. आजही कुणी माझ्याकडे येऊन दुसऱ्याची चूक सांगायला लागलं, की मी आधी त्या माणसाचा चेहरा बघते. त्याला कशाची भीती वाटते आहे ते मला बहुतेक वेळा दिसतं.

मावशी आता फारशी हिंडत नाही. तिला नीट दिसत नाही. बाळंतिणी आता दवाखान्यातून परस्पर शहरात जातात, न्हाऊ घालायला कुणी बोलवत नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलगी आणि जावई ढाणकीला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी एकटीच स्कूटर घेऊन तांड्यावर गेली ती जेवायच्या वेळेला परत आली. काय बोललात विचारलं, तर म्हणाली, काही विशेष नाही, तिने मला तिच्या नातीच्या लग्नाचे फोटो दाखवले आणि ज्वारीची भाकर खायला लावली.

मग ती हात धुवायला गेली, आणि मी ताटं घेतली.